आठवं पोतं

हा-लेशोबोरोची धावपट्टी म्हणजे
डोंगराच्या पाठीवर कापलेलं गवत,
चारशे ऐंशी मीटर, आणि मग दरी.
मी मासेरूहून पोचले तेव्हा तिच्यावर घोडे चरत होते.

पहिल्या दिवशी नुसती माती वाचली.
काठाखाली, उतारावर, पंख्याच्या पात्यांनी मारलेल्या चिरा,
मक्याच्या ओळींसारख्या सारख्या अंतरावर.
म्हणजे इंजिन शेवटपर्यंत चालत होतं,
जीव तोडून चालत होतं.
टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेत धरलं उन्हासमोर,
पाण्याचा थेंब नाही.
केबल शाबूत. फ्लॅप जिथे हवे तिथे.

त्या दुपारची हवा मात्र पातळ,
ताकात पाणी घालत जावं तशी.
पण ते मोखेलेला माहीत होतं.
त्याची वही सीटखाली सापडली, पेन्सिलीनं लिहिलेली:
मोहेअरची सात पोती, प्रत्येकी चाळीस.
नर्स रेफिलुवे, पंचावन्न. मी, अठ्ठ्याहत्तर.
त्या उन्हात, त्या पट्टीवरून जेवढं उचलेल
त्याच्याहून अठ्ठावीस किलो कमी.
खाली दोनदा ओढलेली रेघ.
मी बेरीज तीनदा केली. बरोबर होती.

ऑफिसातून फोन: वैमानिकाची चूक लिही आणि निघ,
गुरुवारी बैठक आहे.

रेफिलुवे दवाखान्यात, आपल्याच वॉर्डात, खांदा बांधलेला.
म्हणाली, भोंगा वाजत होता सारखा,
आणि तो विमानाला म्हणत होता,
चल ग बाई, चल, एवढं एकदा.
मग तिनं भिंतीकडे तोंड केलं.

लोकरीच्या शेडमध्ये काटा होता, लोखंडी, हिरवा रंग दिलेला.
फाटकी पोती दोरानं वर ओढून आणली होती पोरांनी.
एकेक चढवलं. चाळीस. चाळीस. साडेएकोणचाळीस.
दलाल सेखोबे दारात उभा,
टोपी हातात, फार नम्र.

का कोण जाणे, जाता जाता मीच चढले काट्यावर.
बासष्ट.
गेल्या महिन्यात डॉक्टरनं एकाहत्तर सांगून
पाव सोडायला लावला होता.
क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू.

मग झऱ्यावरून वीस लिटर पाणी आणवलं.
पाण्याला कोणी शिकवलेलं नसतं काही.
काटा साडेसतरावर थांबला.

शेडमध्ये कोणी बोललं नाही.
सेखोबेच्या हातातली टोपी फिरायची थांबली.
कोपऱ्यात न्ताते पोत्लाको, घोंगडीत, काठीवर हनुवटी टेकून.
तो म्हणाला, अकरा वर्षं, बाई.
आमच्या शेळ्यांच्या केसांत काटा मारतो हा, अकरा वर्षं.
आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.
तुमच्या विमानाला ठाऊक नव्हतं होय?

चाळिसामागे पावणेसहा. सात पोती.
म्हणजे कागदावर नसलेलं आठवं पोतं,
जे कोणी उचललं नाही, कोणी शिवलं नाही,
ज्याचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत,
आणि मोखेलेनं ते पट्टीच्या टोकापर्यंत नेलं,
काठाच्या पलीकडेही, थोडंसं.

अहवालात रकाना आहे: संभाव्य कारण.
मी लिहिलं, बारा किलो जास्त.
पुढे लिहायला लागले तर रकाना संपला,
मागच्या बाजूला गेले, तीही भरली.

काटा पुरावा म्हणून जीपमध्ये चढवला.
गमबूट घातलेला एक गुराखी पोरगा धावत आला,
उडी मारून त्यावर उभा राहिला.
मी किती?

मी वाकून आकडा पाहिला,
आणि त्याला सांगितलं,
याच्यापेक्षा जास्त.