ठराव क्रमांक सात

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
बिडी संघटनेची जुनीच वही,
मागून उलटी उघडून तिच्यात पक्षाचं कामकाज.
पक्ष आठ महिन्यांचा. त्याला अजून रबरी शिक्का नाही,
अंतकलाबाई सही करतात आणि शाईवर फुंकर मारतात.

बैठक मच्छीमार सोसायटीच्या खोलीत.
ओल्या जाळ्यांचा वास, कोपऱ्यात वजनकाटा,
भिंतीवर तीन तसबिरी आणि चौथीसाठी नुसता खिळा.
चौथी कोणाची, हा ठराव क्रमांक दोन. तहकूब.

हजर: बिडीवाल्या बाया सहा.
ढिवर सोसायटीचे चार.
जंगलाकडचे उईके मास्तर, सोबत न बोलणारे दोघे.
राइसमिलचे हमाल, उशिरा, भुवयांवर कोंडा घेऊन.
आणि जुन्या लाल झेंड्याचे धांडे गुरुजी,
ज्यांची अनामत चारदा जप्त झाली
आणि चारही पावत्या पेटीत आहेत.

उईके मास्तरांच्या गावची पानं
मी वीस वर्षं मांडीवर वळते आहे.
माणूस आज पहिल्यांदा पाहिला.
हे वहीत लिहायचं नसतं.

गण आठ. फरशीवर खडूचे आठ चौकोन.
सहा चौकोन चहाच्या आधीच भरले,
सातव्यावर भांडण झालं, आई काढल्या गेल्या,
मग रुखसानानं सगळ्यांना पाणी दिलं.
राहिला सावरबंध.
तिथे इस्तारी मेश्राम, आणि तिथेच मी.

इस्तारी म्हणाला,
"तलाव मालगुजाराचा होता, मंग सरकारचा झाला,
मंग ठेकेदाराचा. आमी त्याच्यात फक्त उभे होतो जी,
गऱ्यापर्यंत."
कोणी हसलं नाही.

धांडे गुरुजींनी चष्मा पुसला.
मागच्या वेळी आपण तिघं वेगवेगळे उभे.
आपली बेरीज,
निवडून आला त्याच्यापेक्षा दोनशे अकरा जास्त.
'बेरीज' हा शब्द ते असा बोलले
जसं कोणी मेलेल्या भावाचं नाव घेतं.

नंतर सगळे वहीकडे बघत राहिले.
माझ्याकडे कोणीच नाही.

ठराव क्रमांक सात:
सावरबंध गणातून श्रीमती दुर्पता नंदेश्वर
यांनी आपला अर्ज मागे घ्यावा,
ही जागा सोसायटीस सोडण्यात यावी.
सूचक.
इथे पेन थांबलं. खोलीत एकाचंही तोंड उघडेना.
बाहेर कोणाची तरी मोटारसायकल किका खात होती.
सूचक: स्वतः.
असं लिहितात का, माहीत नाही. लिहिलं.
सर्वानुमते मंजूर.
हात हलला नाही,
फक्त 'सर्वा'वरचा रफार जरा मोठा आला.

दुसऱ्या दिवशी तहसील, तीनच्या आत.
बाबूनं विचारलं, बाई, कोणाचा दबाव?
म्हटलं, आहे.
दोनशे अकरा जणांचा.
त्यानं रकान्यात 'नाही' लिहिलं.

संध्याकाळी चुन्याची बादली.
ग्रामपंचायतीच्या मागची भिंत,
माझं नाव मीच रंगवलेलं, हातभर उंच,
'पता' ला जागा कमी पडली म्हणून चेपलेलं.
इस्तारीनं शिडी धरली.
माझ्या पायाकडे बघायचं नाही म्हणून तो तलावाकडे बघत होता,
शिडी त्यामुळे हलत होती.

चुना ओला असतो तोवर खालची अक्षरं दिसतात.
"दिसते जी अजून," तो म्हणाला.
वाळू दे, म्हटलं.
दुसऱ्या डब्यात नीळ कालवायला घेतली.
बायको काय म्हणते, विचारलं.
म्हणते, निवडून आला तर घरी मासे कोन आनन.

वाळायला वेळ होता.
मी काडीनं मातीत 'इ' गिरवून पाहिला.
त्याच्या पोटाला मला नेहमीच
जागा जास्त लागते.