रंगाचा तिसरा हात

लार्कस्पर कोर्ट, घर क्रमांक चव्वेचाळीस-सतरा.
टॅब्लेटवर लिहिलंय: बेडरूम, उत्तरेची भिंत, डाग.
या घराची जूनपासूनची ही पाचवी तक्रार.
आधीच्या चारही हिरव्या. "पूर्ण."
त्यांतल्या दोन माझ्या बोटाच्या.

दार कॉरिना टॅल्बर्ट उघडते.
मी बादली जरा पाठीमागे धरतो,
जशी उशिरा आलेला माणूस मिठाई लपवतो.
"पुन्हा तुम्हीच," म्हणते. त्यात राग नाही.
राग जूनमध्ये होता.

आत हवा ओल्या टॉवेलासारखी.
दक्षिण टेक्ससचा ऑगस्ट काचेला नाक लावून उभा,
एसीच्या नळीखाली कॉफीचा रिकामा डबा,
आणि डब्यात थेंब
एखाद्या कारकुनाच्या सावकाशीनं.

डाग कडेला हिरवट, मधे शाई कलंडल्यासारखा.
सहा वर्षांच्या इडानं पेन्सिलीनं त्याला डोळे काढलेत.
"हा माझ्यापेक्षा लवकर वाढतो,"
सांगते आणि इनहेलर ओढते,
शिट्टी फुंकावी इतक्या सवयीनं.

बाप तिचा जिबूतीत.
त्याचा घरभत्ता पगाराच्या कागदावर दिसतो,
हाती लागत नाही;
एक तारखेला परस्पर कंपनीच्या दारी हजर,
कवायतीत कधी कुणी इतकं वक्तशीर नसेल.
छत गळो, न गळो.

त्या समारंभाला मी होतो, खुर्च्या मांडायला.
पन्नास वर्षांचा करार:
जमीन सैन्याची, घरं कंपनीची.
एक जनरल, एक सूटवाला,
दोघांनी मिळून धरलेली एकच भली मोठी कात्री.
सरकारी खात्याला घरं सांभाळणं जमत नाही, म्हणाले,
आणि खोटं नव्हतं ते.
माझा बाप याच तळावर स्वयंपाकी होता,
नळाला गंज यायचा, जानेवारीत आम्ही कोट घालून झोपायचो.
म्हणून टाळ्या वाजवल्या. मनापासून.
हातात हात घालून, म्हणाले, पुढे जाऊ.

तिसऱ्या हाताचं कुणी काढलं नाही.
पहिला हात मारायचा, वाळू द्यायचा,
मग दुसरा,
आणि डाग तरीही वर आलाच
तर तिसरा.
तो मी.

ग्रेडीचा फोन येतो. "बारापर्यंत बंद कर, अँसेल्मो.
वेळेत बंद झाल्या तरच कंपनीला बोनस."
"भिंत ओली आहे."
"भिंतीचं कोण बोलतंय? तक्रार बंद कर."

मी बोटाच्या पेरानं भिंत ठोकतो.
भिंत ठक्क म्हणत नाही. नुसती आत जाते.
पट्टीनं खरवडतो: मलई रंग, खाली मलई,
खाली आणखी एक, माझ्याआधीच्या कुणाचा तरी,
घाईत मारलेला, ब्रशचा केस अडकलेला.
त्याखाली पुठ्ठा, कॉफीत बुडवलेल्या पावासारखा.
कॉरिना टॉर्च धरते.
आतला पाइप घामेजलेला, लाकूड काळं,
आणि वास,
जो आम्ही सगळे इतके दिवस "नव्या रंगाचा" म्हणत होतो.

"तिथे कोण राहतं?" इडा विचारते.
उत्तर सुचत नाही.

मी वहीएवढा चौकोन कापून काढतो.
डागावर रंग चढतो,
भोकावर चढत नाही.
कॉरिना त्याचे फोटो काढते, एकामागून एक, हात न हलवता,
मग नवऱ्याला पाठवावेत की नाही
यावर बराच वेळ फोनकडे पाहत राहते.
तिकडे आता रात्र असेल.

बादलीचं झाकण न उघडता निघतो.
टॅब्लेट विचारतो: काम पूर्ण?
खाली दोनच बटणं: "हो" आणि "नंतर विचारा."
मी दुसरं दाबतो.

गेटवरचा पोरगेला पहारेकरी माझा पास उलटसुलट करून पाहतो,
दाढीही अजून नीट न फुटलेला,
पुढच्या महिन्यात लग्न आहे, सांगतो, घर मिळणार आहे इथेच.
कुठल्या रस्त्यावर, मी विचारत नाही.
मांडीवर टॅब्लेट थरथरतो.
पुन्हा तेच.