बाळंत झाला

रकाना चौथा: गरोदर मातेचे नाव.
मी पेन उघडून बसले होते
केजला, मोटार वायंडिंगच्या दुकानात,
आणि अंकुश तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता,
एकशे अठरा, एकशे एकोणीस,
ढगळ शर्टाच्या आत पोट बांधलेलं.

आधारवरचं नाव वेगळं आहे.
ते त्याने एकदाच सांगितलं, भिंतीकडे बघत.
इथे लिहीत नाही.

सहावा महिना लागला होता.
पहिली नोंद बारा आठवड्यांच्या आत, असं आम्हा आशांना शिकवलंय.
उशिराचं कारण लिहायला जागा असते दीड इंच.
"कामून आला नाहीस रे?"
"आलतो की. दोनदा.
बाकड्यावर बसलो तर बायका उठल्या.
शिपाई म्हणला, पेशंट कुठंय? तू भाईर थांब."
दीड इंचात हे मावत नाही.
मी लिहिलं: कामानिमित्त बाहेरगावी.

हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
कसं राहिलं, कुणाचं, हे गाव विचारतं.
मी विचारलं, गोळ्या खातोस का?
तेव्हा वच्छला,
जी शाळेत खिचडी शिजवते आणि रात्री त्याच्या शेजारी झोपते,
तिने डब्यातल्या लाल गोळ्या मोजून दाखवल्या.
"जेवणावर देते बगा, लिंबू पिळून. च्या बंद केलाय."
नवऱ्यांना मी हेच दहा वर्षं सांगतेय.

गरोदर.
घरी येताना हा शब्द तोंडात घोळवत होते.
याला ना काना लागतो, ना वेलांटी.
गरोदर बाई. गरोदर माणूस.
शब्द कुठेच कुरकुरत नाही.
कुणी ठेवलं असेल हे शहाणपण त्यात?

तेहेतिसाव्या आठवड्यात पाय सुजले,
शटर ओढताना डोळ्यांपुढे काजवे.
बीपी एकशे साठ, एकशे दहा.
एकशे आठची गाडी, अंबाजोगाई.
ड्रायव्हरने मधल्या काचेतून तीनदा वळून पाहिलं,
चौथ्यांदा मी काचेवर पदर धरला.
दारात सिस्टर: "पेशंटचे मिस्टर कुठायत?"
स्ट्रेचरवरून अंकुश म्हणाला, "मीच."
आणि हसला, घामाघूम.
वच्छला मात्र तिथेच खाली बसली.

अठराशे ग्रॅम. मुलगी. पेटीत.
डॉक्टर म्हणाले, रक्त कमी, दाब जास्त, तपासण्या चुकल्या.
खरंच आहे.
मला ते बाकडं दिसत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.
छातीला फडकं आवळून तो कोपऱ्यात तोंड करून बसला.
"हे मपलं नाही, ताई."
मला काही सुचेना.
तरन्नुम सिस्टरने पडदा ओढला, वाटी आत सरकवली,
आणि पाठ करून उभी राहिली.
"जमलं तर काढ. नाही जमलं तर नाही.
बोंडल्याला कळत नसतं कुणाचं ते."
बऱ्याच वेळाने वाटी बाहेर आली,
तळाला चमचाभर, पिवळसर.
बाळ वच्छलाच्या झंपरात होतं,
उघड्या छातीला चिकटून, टोपडं घालून,
दिवसाचे सात-सात तास.
ती शौचालयालासुद्धा कंटाळा करायची.

मी रजिस्टरात लिहिलं: बाळंत झाला.
पर्यवेक्षिकेने लाल पेनाने कान्यावर रेघ मारली,
वर लिहिलं: झाली.
मी त्याच्याशेजारी पुन्हा लिहिलं: झाला.
आता तिथे दोन्ही आहेत.
ऑडिटला कुणी विचारलं तर बघू.

बेचाळिसावा दिवस, शेवटची गृहभेट.
दोन किलो सातशे.
बीपी अजून एकशे चाळीसवर रेंगाळतंय.
"टाके ठणकतेत, ताई.
दाखवू कुणाला? बसू कुठं?"
"सोमवारी मी येते. बाकड्यावर आधी मी बसते."
तो काही बोलला नाही.
माझ्यामुळे त्याची मोजणी चुकली होती.
तार उलगडून त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली,
हळू आवाजात,
पोर उठू नये म्हणून.