रुग्णाशी नाते

पुस्तक एकशे चार पानांचं.
नायगावच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का,
मागच्या कार्डावर शेवटची तारीख सत्त्याण्णवच्या मार्चची.
त्यानंतर ते कोणालाच नको होतं.

परळच्या रक्तपेढीत माझी रात्रपाळी.
फ्रिजची घरघर, दर चार तासांनी वहीत तापमान, सही.
मधल्या वेळात, बर्फाळ गावातला एक वजनकाट्याचा कारकून
सकाळी खुर्चीवरून उठतच नाही.
आजारी नाही. रागावलेला नाही.
बायको विचारते, पाद्री विचारतो, शेवटी फौजदार:
का?

मूळ भाषेत तो काय म्हणाला, देव जाणे.
अनुवादक शं. ल. आजरेकर, पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त,
त्यांनी लिहिलंय: ‘उगाच.’

कुणा वाचकाला हे पटलेलं नाही.
पेन्सिलीनं खोडून वर ‘निष्प्रयोजन’,
आणि खाली निळ्या शाईत, दुसऱ्याच हाताचं:
‘राहू द्या हो मास्तर, उगाचच बरोबर.’

मी हसले, एकटीच,
ओ पॉझिटिव्हच्या बावीस पिशव्यांसमोर.
आई म्हणायची, उगाच काय बसलीयस खिडकीत, भांडी घास.
उत्तर द्यायला गेले असते
तर तिचाच शब्द तिला परत द्यावा लागला असता.

साडेतीनला काचेवर टकटक.
हरिश्चंद्र भुवड, काळाचौकी, वय एक्केचाळीस.
रक्त द्यायचंय.
कोणासाठी?
कोणी नाही.
फॉर्मवर रकाना आहे: रुग्णाशी नाते.
घरात कोणी आजारी? नाही. वाढदिवस, नवस? नाही.
‘झोप येत नव्हती. तुमचा दिवा दिसला.’

झोप झाली नसेल तर आम्ही घेत नाही, मी म्हटलं,
नियम आहे. उद्या जेवूनखाऊन, झोपून या.
बरं, म्हणाला. गेला नाही.
चपला काढून बाकड्यावर टेकला,
तळवे गार लादीवर.
‘बसू का जरा?’

‘का’ अगदी ओठांवर आलं होतं.

बारा पानं उरली होती.
थर्मासमध्ये कपभर चहा, तो दोन झाकणांत केला.
त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही.

सहाला तापमान लिहिलं: चार अंश.
भुवड बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं,
झाकण मांडीवर, रिकामं.
फॉर्मवर नाव, पत्ता, वय. पुढे कोरं.
आता याची झोप झाली असं धरायचं का,
ते नियमात दिलेलं नाही.