दोन थेंब, करडईत

सेलूच्या स्टेशन रोडला माझं दुकान.
आरसे दोन, खुर्च्या दोन, त्यातली एक मोडकी.
सव्वीस वर्षं मी गावाचे गाल वाचतो.
कोण रात्रभर जागलंय, कुणाची दाढ सुजलीय,
वस्तऱ्याला आधी कळतं, मग गल्लीला.

बापाकडून मला तुरटी आली,
त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलेली.
"रक्त दिसलं की लाव आन् गप ऱ्हा,"
एवढंच त्याचं वैद्यक.

बाटली आणली प्रणितानं.
लातूरला डी. फार्मसीला आहे, दिवाळीला आली होती.
तपकिरी काच, करंगळीएवढी,
वर लिहिलेलं: टी ट्री.
"चहाचं तेल?" तिची आई म्हणाली,
"मग साखर किती टाकायची?"
पोरगी हसली. चहाचा नि या झाडाचा
काही सोयरसंबंध नाही म्हणे,
नाव पडलं ते पडलं.
आमच्या किडकिडीत नारू शिंप्याला
गाव पैलवान म्हणतं, तसं.

मी झाकण काढून हुंगलं.
कापूर, निलगिरी,
आणि मागून नुकती पुसलेली दवाखान्याची फरशी.

जाताना तिनं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं,
मी ते आरशामागं खोचलं.
वाचायचं काय त्यात? तेल ते तेल.

पंक्चरवाला अफसर, वय तेवीस.
हनुवटीखाली पुटकुळ्याच पुटकुळ्या,
केस उलटे फिरून कातडीत शिरलेले.
सोमवारी रिश्ता बघायला जिंतूरला जायचं.
मी मोठ्या मनानं बाटली कापसावर उपडी केली.
"मामा, जळायलंय."
"जळायलंय म्हंजे लागू पडायलंय," मी म्हणालो.
हेही बापाचंच, तुरटीसोबत आलेलं.

संध्याकाळपर्यंत त्याची मान
पळस फुलल्यासारखी.
सोमवारी तो गळ्याला रुमाल बांधून गेला,
भर दुपारच्या बसनं.

लेकीला फोन केला. ती रागावली नाही.
"किती टाकलं?" एवढंच विचारलं,
आणि मी गप राहिलो तेव्हा
तिकडूनही बराच वेळ काही आलं नाही.

मग आरशामागचा कागद काढला.
*थेट लावू नका.*
*चमचाभर तेलात दोनच थेंब.*
*आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा.*
*पोटात अजिबात नाही.*
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
बापाला ओळखते पोरगी.

अफसरकडं गेलो, माफी मागायला.
तो ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवत होता,
हळूहळू फिरवत, बुडबुड्यांची वाट बघत.
म्हणाला, "मामा, आधी पाण्यात धरून बघावं लागतं,
मग सोल्युशन."
वर मान न करता म्हणाला.
मी काय बोलणार?
पोरीकडून होकार आलाय, हे त्यानं नंतर सांगितलं.
रुमाल शोभत होता म्हणे.

आता घाण्यावरचं करडईचं तेल आणतो.
चमचा, दोन थेंब, काडीनं ढवळायचं.
तिसरा पडला तर नवा चमचा.
घाईवाल्याला सांगतो, उद्या ये.
चिडतात. एक तर शिव्या देऊन
समोरच्या सलूनमध्ये गेला.
गजकर्ण दिसलं की बाटलीला हातच लावत नाही,
सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवतो.

काल रात्री बायकोनं माझा हात दिव्याखाली ओढला.
बोटांच्या बेचक्यांत भेगा,
सव्वीस वर्षांच्या फेसाच्या.
"गावाची कातडी बघतोस,
ही कुणाची आहे?"
चमचा तिनंच भरला, थेंब तिनंच मोजले,
मोठ्यानं, पाढे म्हणाल्यासारखे.
मी हात पुढं केला.
तिनं तो बाजूला सारला,
बाही वर केली,
कोपराच्या आत बोट टेकवलं.

"उद्या," ती म्हणाली.

दिवा मालवला.
खोलीभर कापूर.
मी हात उशीवर उताणा ठेवून पडलो,
काहून कोण जाणे, झोप लागेना.