चाळीस शब्द मिनिटाला

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाला लागून
माझं टायपिंग सेंटर. तीन खुर्च्या, लॅमिनेशनचं यंत्र,
एसी गळतो त्याखाली बिर्याणीचा रिकामा डबा.
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, बायकोला बोलावून घेण्याची हमीपत्रं,
मधेच एखादा बायोडेटा. पंधरा दिरहम पान.

एकवीस वर्षं लोकांची आयुष्यं टाइप करतोय.
कुठली ओळ कुठे, ते आता बोटांनाच कळतं.
कॉलेजात शिरलास? मग शाळा तळाला ने.
नोकरी लागली? शाळा काढूनच टाक.
साहेब एका कागदावर एका घोटापुरता थांबतो, बाबा,
त्या घोटात तुझी दहावी कशाला?
असं सांगतो, आणि सुटे पैसे परत देतो.

काल रुमाना आली.
सिव्हिलचं तिसरं वर्ष. रस्त्यांच्या कंत्राटदाराकडे
उन्हाळ्यापुरतं काम मागायचंय.
"अब्बा, एका पानात बसवा. सगळ्यांचं बसवता."

वाचत गेलो. तळाशी शाळा होती:
हेड गर्ल. दहावीत तिसरी. अरबी वक्तृत्व, दुसरा क्रमांक.
विज्ञान प्रदर्शन, अजमान: खाऱ्या पाण्याची गाळणी, उत्तेजनार्थ.
"हे सगळं उडवा. बाळबोध दिसतं.
वर्गातल्या मुली हसतात."

बरोबर आहे, म्हणालो.
बरोबरच आहे, मीच तर शिकवतो हे जगाला.

हेड गर्ल गेली. तिसरा नंबर गेला.
वक्तृत्व जाताना काही आवाज झाला नाही.

गाळणीपाशी बोट अडलं.

वाळू मी आणली होती, अल खानच्या किनाऱ्यावरून, बसमधून, पिशवीत.
कोळसा कुन्हीमोनच्या तंदुरीतला.
बाटली कापताना माझा अंगठा कापला, तिची आई ओरडली दोघांवर.
आणि प्रदर्शनात पाणी खारट ते खारटच.
परीक्षक बाईंनी चमचाभर चाखलं, तोंड वाकडं केलं.
ही चौदा वर्षांची, बेडरपणे म्हणाली,
"खारट आहे. पण का आहे, ते मला आता कळलंय."

आता ह्याला कुठल्या रकान्यात घालू?

गेल्या महिन्यात सियालकोटचा एक फोरमन आला होता,
बावन्न वर्षांचा, गुडघ्यावर हात ठेवून बसणारा.
म्हणाला, लिही: आठवी, कबड्डी संघाचा कप्तान.
म्हटलं, चाचा, कोण वाचणार हे?
तो म्हणाला, त्यानंतर मला कुणी कप्तान म्हटलं नाही.
मी ठळक अक्षरांत टाकलं.
चुकीचा सल्ला, ठाऊक होतं.

आणि माझं काय? खणात अजून आहे,
मंडणगडच्या क्लासमधून दिलेली सरकारी टंकलेखन परीक्षा,
चाळीस शब्द मिनिटाला, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
त्या एका कागदावर समुद्र ओलांडला.
शाळा काढून टाक म्हणालं असतं कुणी
तर नाव, गाव आणि पासपोर्टचा नंबर उरला असता.

"एक ठेवू?"
"कुठलं?"
"उत्तेजनार्थ."
ती हसली. "उत्तेजनार्थ कुणी लिहितं का, अब्बा?"
"विचारतील ना, पाणी गोड झालं का म्हणून."
"मग काय सांगू?"
मी तिच्याकडे नुसतं बघितलं.
तिनं फोन उलटा ठेवला, काचेबाहेर बघत बसली.

तेवढ्यात भाडेकरारवाला आला, घाई घाई,
मी त्याला खुर्ची दाखवली.

ती एक ओळ दुसऱ्या पानावर सांडत होती.
समास सूतभर कमी केला.
बसली.