अकरा की बारा

कालाकुंडला गाडी थांबली की सगळे उतरतात
पळसाच्या पानातल्या कलाकंदासाठी.
मी उतरते बादली, चाळणी
आणि मच्छरदाणी कापून शिवलेली जाळी घेऊन.
स्टेशनवरचा हवालदार दर वेळी विचारतो,
"मैडम, आज भी मछली?"
आज भी.

पुलाखाली चोरल घोट्याएवढी उरलीय.
रेमसिंग आधीच उकिडवा बसलाय धारेत.
एकेक गोटा उचलतो, खाली बघतो,
आणि होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवतो.
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना
दोन वर्षं सांगून राहिलेय.

आली जाळीत. करंगळीएवढी.
दक्षिणेकडे अशांना मुरी म्हणतात.
रेमसिंग म्हणतो रेतकी.
इंदूरच्या मासळीबाजारात नावच नाही:
"कचरा है, मुर्गी खाएगी."

मिशा सहा.
डोळ्याखाली बोट फिरवलं, काटा टोचला नाही,
म्हणजे ती नव्हे, ही दुसरी.
शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा.
पट्टे
डाव्या कुशीवर अकरा.
उजव्या कुशीवर बारा.

ओळखीची किल्ली फक्त हो की नाही विचारते.
हो असेल तर पुढच्या पानावर जा.
मी मासा पालटते, पान पालटते,
तिची कल्ल्यांची झाकणं उघडमिट करतात.
पुन्हा पाण्यात. पुन्हा बाहेर. अकरा. बारा.

टेंबेकर सर सांगायचे, घाटमाथा हीच खरी वेस.
महूपुढच्या एका बांधावर दोन थेंब शेजारी पडतात:
एक चंबळेतून गंगेकडे निघतो,
एक दरीत उडी टाकून नर्मदेला मिळतो.
मध्ये हरभऱ्याचं शेत, एक ढाबा, बस्स.
पण मासा काही घाट चढत नाही, ते म्हणायचे.
पलीकडची आणून शेजारी ठेव, मग बोल.

पलीकडची आहे.
विभागातल्या कपाटात, खालच्या फळीवर, बरणीत.
"खान नदी, छत्रीबागेच्या मागे. जानेवारी ५८.
पाणी नितळ, खळखळतं. नग पाच."
पाचही खडूसारखे पांढरे पडलेत,
पट्टे कधीच त्या पिवळ्या पाण्यात उतरून गेले.
आणि आज छत्रीबागेमागे
कुणी हात घालून दाखवावा.

एकदा पुण्यात चहाच्या रांगेत
एका बाईंनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या?
इंदूरच्या.
नाही, मूळच्या?
सहा पिढ्या सांगितल्या. मग बोलता बोलता
"जाऊन राहिले" म्हणून गेले,
त्या गोड हसल्या, किल्ली लागल्यासारखी.

वरच्या अंगाला रपट्याचं काम निघालंय.
जेसीबी दोन दिवसांपासून उभा आहे,
ठेकेदाराला हेच गोटे हवेत, हीच वाळू.
हरकतीच्या अर्जात एक रकाना आहे,
प्रजातीचे नाव. तो रिकामा चालत नाही.
"निश्चित नाही" लिहिलं
तर साहेबांच्या लेखी तिथं मासाच नाही.

"लिख दो ना, रेतकी," रेमसिंग म्हणाला.
मी लिहिलं. पेन्सिलीनं,
कारण स्पिरिटात शाई फुटते
आणि हात त्याच सवयीचा झालाय.
पुढे कंसात काहीच नाही.

नमुना म्हणून पाच नग ठेवायचे असतात.
एक ठेवली.
चौघी सोडल्या तिथंच, जिथला गोटा
रेमसिंगनं परत बसवला होता.
शेपटी हलल्याचंसुद्धा दिसलं नाही.
नुसता तळ. वर उन्हाची हलती नक्षी,
आणि माझी बोटं उगीचच मोजायला लागलेली.

शिटी झाली. मी घाईनं बादली उचलली.
"बैठो मैडम," तो गोट्यांतून मान न काढता म्हणाला,
"पीछे का इंजन लग रिया है अभी.
घाट चढना है."